चादरींच्या खोलीतली पेटी

सदानंद देवस्थळींच्या बायकोला दिवस राहिले, ही बातमी बहारीनच्या गुदैबिया भागातल्या त्या तीन मजली इमारतीत वरून खाली पोचायला अर्धा तास पुरला. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे वाट बघणारे पुष्कळ होते. तळमजल्यावरच्या अरुणा गुप्तेने त्याच संध्याकाळी शिरा करून आणला. सदानंदला ऑफिसात पेढे वाटायचे होते. पेढे कुठे मिळेनात म्हणून त्याने मनामाच्या बाजारातून बर्फी आणली. साताऱ्याला तार गेली आणि तिकडून चारुलताच्या आईचं आठ पानी पत्र आलं. काय खावं, काय खाऊ नये, कुठल्या कुशीवर निजावं, सगळं त्यात होतं. एकोणऐंशी सालचा जानेवारी होता. बहारीनमध्ये वर्षातून दोन महिने खिडक्या उघड्या ठेवता येतात, त्यांतला तो एक.

चारुलता सगळ्यांशी हसून बोलली. शिरा खाल्ला, आईला उत्तर लिहिलं. मार्च उजाडता उजाडता मात्र ती हसायची थांबली, आणि का थांबली हे तिचं तिलाच सांगता येईना.

ती साताऱ्यातल्या एका शाळामास्तरांची मुलगी. अकरा वर्षं आठवलेबाईंकडे गाणं शिकली, विशारद झाली. परीक्षेच्या निकालादिवशीच आठवलेबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "चारू, तुझा कान तुझ्या आवाजापेक्षा मोठा आहे. मैफलीच्या मागे लागू नकोस, दुःखी होशील." तिने ते मनाला लावून घेतलं नाही. खरं होतं ते. मग लग्न झालं आणि चौऱ्याहत्तर साली ती नवऱ्यामागे बहारीनला आली. सदानंद एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट होता. विमानात मांडीवर धरून आणलेला तानपुरा पहिल्याच उन्हाळ्यात एसीच्या कोरड्या हवेने तडकला. तो तिने जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभा केला आणि गाणं तिथेच थांबलं. त्याचंही तिने फारसं वाईट वाटून घेतलं नव्हतं. घर होतं, शेजार होता, शुक्रवारी सुट्टी असायची. दिवस जात होते.

आता ते जाईनात. सकाळी सदानंद ऑफिसला गेला की ती पलंगावर पडून राहायची. उठून दात घासायचे म्हणजे आधी पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं, मग मोरीपर्यंत चालायचं. एकेक पायरी तिला डोळ्यांसमोर दिसायची आणि दिसली की जिवावर यायचं. वेणी तीन-तीन दिवस तशीच राहायची. कुकर लावायचा म्हणून डाळ भिजत घातलेली असायची आणि संध्याकाळी तिला वास यायला लागायचा. खिडकीतल्या एसीची घरघर ऐकत ती पडायची. आपल्या आत एक जीव वाढतोय हे तिला कळत होतं. पण ते शेजारच्या घरातल्या कुणाबद्दल कळावं तसं. पहिल्यांदा पोट आतून हललं तेव्हा ती दचकली, आणि मग तिला काहीच वाटलं नाही. त्या 'काहीच नाही'ची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सदानंद भला माणूस. त्याने अंजिरं आणली, नवा टेपरेकॉर्डर आणला, मुंबईला जाणाऱ्यांकडून कॅसेटी मागवल्या. एका शुक्रवारी मित्राची गाडी मागून तिला झल्लाकच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. समुद्र उथळ आणि शांत होता, मुलं पाण्यात खेळत होती. चारुलता वाळूवर एखादं बोचकं ठेवावं तशी बसून राहिली आणि परतताना म्हणाली, "छान होतं हो." तिचा आवाज ऐकून सदानंदने गाडी चालवता चालवता तोंड फिरवलं.

अरुणा रोज वर येऊन जायची. "अगं चारू, लोक या दिवसांसाठी नवससायास करतात. तू नशीबवान आहेस. मन आनंदी ठेव बघू."

"हो," चारुलता म्हणायची. नशीबवान होतीच ती. म्हणून तर तोंड उघडायची सोय नव्हती. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, नवरा मारत नव्हता. काय म्हणून सांगणार?

बायकांच्या दवाखान्यात महिन्याच्या महिन्याला तपासणी असे. तिथे अख्तरुन्निसा नावाच्या सिस्टर होत्या. मूळच्या दाभोळच्या, वय पन्नाशीच्या पुढे. एकसष्ट सालापासून बहारीनमध्ये बाळंतपणं करत आलेल्या. पाय सुजायचे म्हणून खुर्चीवर बसल्या की पालथ्या बादलीवर पाय ठेवायच्या. मराठी बाई दिसली की अरबी-हिंदी सोडून सरळ मराठीत शिरायच्या. एप्रिलमध्ये त्यांनी चारुलताला काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे न बघता तिच्या केसांकडे बघितलं.

"झोप लागते का गं?"

"पहाटे जाग येते. मग नाही लागत."

"जेवण?"

"जाते जेवण."

"रडतेस?"

चारुलताने मान हलवली. "रडायलाही येत नाही, सिस्टर."

अख्तरुन्निसांनी पेन खाली ठेवलं. "रडणारीची मला भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या. "बस इथे. घाई नाही मला. घाई करण्यासारखे पायच उरले नाहीत."

कुणीतरी पहिल्यांदाच तिला आनंदी राहा म्हटलं नव्हतं. चारुलता बसली आणि तिने डाळीच्या वासापासून सगळं सांगितलं. सिस्टरनी मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हा आजार आहे. तुझा स्वभाव नव्हे आणि पापही नव्हे. गरोदरपणात होतो, पुष्कळ जणींना होतो, आणि त्या सगळ्या तुझ्यासारख्याच 'जाते जेवण' म्हणतात."

डॉक्टर पोटातल्या बाळामुळे गोळ्या द्यायला तयार नव्हते. विश्रांती घ्या म्हणाले. तीच तर ती दोन महिने घेत होती. सिस्टरच्या डोक्यात मात्र एक खूळ होतं. दोन वर्षांपूर्वी एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी इथल्या नर्सेसचा दोन दिवसांचा वर्ग घेतला होता. त्यात सांगितलं होतं की काही इस्पितळांत उदास रुग्णांना औषधासारखं, ठरल्या वेळी, ठरल्या मापाने संगीत ऐकवतात. सिस्टरनी डॉक्टरांच्या मागे लागून परवानगी काढली होती. चादरी ठेवायच्या खोलीत एक आरामखुर्ची, एक टेपरेकॉर्डर आणि एक वही एवढा त्यांचा संसार. डाव्या कुशीवर नाहीतर खुर्चीत रेलून वीस मिनिटं ऐकायचं, मग झोप किती लागली, भूक किती लागली ते वहीत लिहायचं.

"आठवड्यातून तीनदा यायचं," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्याची व्हॅन तुमच्या भागातून जाते. साडेआठला खाली उभी राहा."

व्हॅन गुंडू राऊळ चालवायचा. कणकवलीकडचा, चाळिशीचा, पोट सुटलेला. गावागावांतून, सित्राच्या कामगार वस्तीतून गरोदर बायकांना आणायचं आणि पोचवायचं हे त्याचं काम. त्याने खाली हॉर्न वाजवला की चारुलताला उठावंच लागे. पहिले चार दिवस ती न विंचरता गेली. पाचव्या दिवशी विंचरून गेली, ते केवळ व्हॅनमधल्या बायका बघतात म्हणून.

टेपचा काही उपयोग होईना. चादरींच्या खोलीत कांजीचा आणि डांबरगोळ्यांचा वास. टेपवर संतूर वाजे, कधी बासरी. चारुलता डोळे मिटून पडे, वीस मिनिटं संपत, सिस्टर विचारत, "कसं वाटलं?" ती म्हणे, "छान." वहीत दोन आठवडे तेच लिहिलं गेलं. झोप तीन तास. भूक नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टेप चालू असतानाच ती उठून बसली. "सिस्टर, बंद करा ते. ऐकवत नाही."

"का गं?"

"टेप उतरलीय. परवापर्यंत ठीक होती, आज अर्धा सूर खाली वाजतेय. आणि नुसती खाली नाही, हलतेय. मशिनचा पट्टा सैल झाला असणार. हे असं आजारी माणसांना ऐकवता तुम्ही? धडधाकट माणसाचंही डोकं उठेल!"

बोलून झाल्यावर तिला धाप लागली. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांचा चेहरा फुलला. "चिडलीस!" त्या म्हणाल्या. "या अल्लाह, चिडलीस की गं तू!" त्यांनी वही ओढली आणि त्यात काहीतरी भराभर लिहिलं. मग विचारलं, "तुला सूर कळतात हे बोलली का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही विचारलंत कुठे."

"मग गा."

"नाही." हे तिने इतक्या लवकर म्हटलं की सिस्टरनी पुन्हा आग्रह केला नाही. गाणं म्हणजे तिच्यासाठी आता बंद घर होतं. तिथे जाऊन दिवा लावायचं बळ तिच्यात नव्हतं.

सिस्टर दोन दिवस विचार करत राहिल्या. शनिवारी चारुलता खोलीत शिरली तर आरामखुर्चीशेजारी, चादरींच्या गठ्ठ्यावर, एक पेटी ठेवलेली आणि तिच्यामागे गुंडू ड्रायव्हर मांडी घालून बसलेला.

"बाई," तो हात जोडून म्हणाला, "माका यातला ओ की ठो कळना नाय. आमच्या भजनी मंडळाचो पेटीवालो रजेर गेलो, तो परत इलोच नाय. गणपती येतत. बिनपेटयेचां भजन कसां करूचां? सिस्टर म्हणाल्यो, तुमी शिकवशात."

चारुलताने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर टॉवेलांच्या घड्या मोजत होत्या, जणू त्यांचा या गोष्टीशी काही संबंधच नव्हता.

"मला नाही जमणार, गुंडूभाऊ. माझ्यात ताकद नाही."

"ताकद माझी. भातो मीच मारतलंय. तुमी नुसता सांगा, बोट खय ठेवूचां."

बोट कुठे ठेवायचं हे सांगायला कसली ताकद लागते? तिने खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं. गुंडूचं बोट इतकं जाड की एक पट्टी दाबली की शेजारचीही दबायची. 'सा' म्हणून जे काही निघालं त्याने खिडकीवरचं कबुतर उडालं. तासाभरात त्याला सा, रे, ग एवढं सापडलं आणि तेही सुटं सुटं. चारुलता घरी आली, आडवी झाली आणि दुपारी दोन तास झोपली. आनंदाने नव्हे. दमून.

तेव्हापासून ते रोजचं झालं. व्हॅनच्या दोन फेऱ्यांच्या मधे गुंडूला जो तास-दीड तास मिळे त्यात शिकवणी. मे महिना लागला, ऊन पांढरं झालं, रस्त्यावरून दवाखान्याच्या दारापर्यंत दहा पावलं चालताना चप्पल भाजायची. सारेग, रेगम, गमप. पुन्हा सारेग. गुंडू पहाटे चारला उठलेला असायचा आणि वाजवता वाजवता पेंगायचा. चारुलताला त्याचा वीट यायचा, स्वतःचा वीट यायचा, सारेगचा वीट यायचा. दोन थकलेली माणसं चादरींच्या गठ्ठ्यांमधे बसून एकच पलटा घोटत राहायची. गुंडू उठताना दर वेळी विचारायचा, "आज बरां वाजलां काय?"

"नाही."

"कालच्यापरास?"

"कालच्यापेक्षा जरा बरं."

"मगे झाला तर," म्हणून तो किल्ल्या उचलायचा.

सगळे दिवस तसे नव्हते. काही दिवस हॉर्न वाजायचा आणि ती पलंगावरून हलायचीच नाही. गुंडू पाच मिनिटं थांबायचा, पुन्हा एकदा वाजवायचा आणि जायचा. दुसऱ्या दिवशी तो काल का आला नाहीत असं कधी विचारायचा नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात असे लागोपाठ तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी ती आली, पण गुंडूला म्हणाली, "आज तुम्ही बाहेर बसा." तो गेला. तिने सिस्टरना सांगितलं, "काल दुपारी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले होते. कठड्याशी उभी राहिले. किती वेळ उभी होते ते आठवत नाही. खाली बघत होते. अरुणाने हाक मारली नसती तर," आणि पुढचं वाक्य तिने सोडून दिलं.

सिस्टर घाबरल्या, पण तसं दाखवलं नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "हे मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आता मी तुझ्या नवऱ्याला बोलावणार. रागावू नकोस. हे गुपित ठेवायचं नसतं." त्यांनी डॉक्टरांनाही बोलावलं. त्यांनी तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, दर आठवड्याला स्वतः बघायचं ठरवलं आणि अगदी गरज पडली तर कोणती गोळी द्यायची तेही सिस्टरना सांगून ठेवलं. सदानंद ऑफिसातून तडक आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातलं पेन गळून खिसा निळा झाला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. गच्चीच्या दाराला कुलूप बसलं. अरुणाने दुपारी आपलं विणकाम घेऊन वर येऊन बसायचं ठरलं. सिस्टरनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. त्यानंतर तिने 'मन आनंदी ठेव' हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही.

घरी आल्यावर सदानंद पलंगाच्या कडेला बसला. "चारू, मला काहीच कळत नाही. मी काय करू ते तू सांग. सांगशील ते करतो."

"रोज संध्याकाळी आलात की बरी आहेस का म्हणून विचारता ना, ते नका विचारू. मी बरी नसते आणि मला हो म्हणावं लागतं."

"मग काय विचारू?"

"गुंडूभाऊंनी आज काय वाजवलं ते विचारा."

तेवढं त्याने केलं. संगीतातलं त्याला काही कळत नव्हतं, पण गुंडूच्या उजव्या हाताची करंगळी 'नी'वर पोचत नाही हे त्याला जूनअखेरपर्यंत तोंडपाठ झालं.

गुंडूच्या पेटीचा आवाज बाहेरच्या बाकांवर जायचा. तपासणीला थांबलेल्या बायका दारातून डोकवायच्या, हसायच्या. त्यातली एक महमुदा. इथलीच, मुहर्रकची, पाचव्या वेळची गरोदर. तिचे वडील व्यापारासाठी मुंबईला जायचे, लहानपणी तीही दोन वर्षं तिथे राहिली होती, त्यामुळे तोडकंमोडकं हिंदी बोलायची. ती एक दिवस सरळ आत आली आणि चादरींवर टेकली. "घर में चार बच्चे चिल्लाते," ती म्हणाली, "इधर एक ही आदमी चिल्लाता. अच्छा है." आणि डोळे मिटून झोपूनच गेली. मग आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. सिस्टरनी ती संधी सोडली नाही. त्यांनी चारुलताला सांगितलं, "यांना श्वास धरायला शिकव. लांब सोडायला शिकव. कळा यायला लागल्या की उपयोगी पडेल."

श्वास सोडायचा म्हणजे 'सा' लावायचा, एवढंच तिला येत होतं. गुंडूने भाता मारून एक पट्टी धरून ठेवायची आणि पाच-सहा बायकांनी त्या सुरावर मिटल्या तोंडाने गुणगुणायचं, श्वास संपेपर्यंत. शिकवायचं तर करून दाखवायला हवं. म्हणून चारुलताने करून दाखवलं. पाच वर्षांनी गळ्यातून सूर निघाला तो घोगरा, फाटका, आणि तिचा मोठा कान म्हणाला, खाली आहे. तिने तो उचलला. त्या क्षणी काही चमत्कार झाला असं तिने नंतरही कधी कुणाला सांगितलं नाही. तिला इतकंच जाणवलं की छातीत, बरगड्यांच्या आत काहीतरी थरथरतंय आणि ते खाली पोटापर्यंत जातंय. आतलं बाळ हललं. या वेळी ती दचकली नाही.

एकदा महमुदाने आपल्याकडच्या लग्नातल्या टाळ्या शिकवल्या. एकीने सरळ टाळी द्यायची, दुसरीने बरोबर तिच्या मधल्या फटीत. विशारद झालेल्या चारुलताला ते जमेना. प्रत्येक वेळी तिची टाळी समेवर यायची. "ना, ना!" महमुदा ओरडायची, "तुम बहुत सीधा औरत!" गुंडू पेटी सोडून पोट धरून हसला. चारुलताही हसली. नंतर व्हॅनमधून घरी जाताना तिला एकाएकी रडू फुटलं आणि घर येईपर्यंत ती रडत राहिली. गुंडूने आरशातून एकदा पाहिलं, व्हॅन वळवली आणि राजवाड्याच्या बाजूने लांबचा रस्ता घेतला. सिस्टरच्या वहीत दुसऱ्या दिवशी नोंद झाली: रडली. झोप सहा तास.

ऑगस्टमध्ये, भर उकाड्यात, एकोणीस तासांच्या कळांनंतर तिला मुलगी झाली. बायकांना महिनाभर श्वास शिकवणाऱ्या चारुलताला त्या एकोणीस तासांत सूरबिर काहीएक आठवलं नाही. तिने दवाखाना डोक्यावर घेतला. सिस्टर अख्तरुन्निसा शेवटपर्यंत उभ्या होत्या आणि नंतर दोन दिवस त्यांना चप्पल घालता आली नाही. गणपतीत गुंडूने ड्रायव्हरांच्या कॅम्पात पेटी वाजवली. चारुलता बाळंतीण, तिला जाता आलं नाही. सदानंद गेला आणि येऊन म्हणाला, "करंगळी पोचली." कशी पोचली, सुरात पोचली की नुसतीच पोचली, ते त्याला सांगता येईना.

बाळंतपणानंतर सगळं मळभ दूर झालं असं म्हणायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मुलीचं नाव मीरा ठेवलं, तिला तिने पाजलं, न्हाऊ घातलं, पण तिच्याकडे बघून पोटात माया दाटून यायला पुढचा फेब्रुवारी उजाडावा लागला. दिवसातले दोन तास बरे जायचे, मग चार. एक दिवस तिच्या लक्षात आलं की सकाळी दात घासले ते घासायचं ठरवण्याआधीच. त्याच आठवड्यात मीराला काखोटीला मारून ती व्हॅनमधून पुन्हा दवाखान्यात गेली आणि दर मंगळवारी जायला लागली. गुंडू आता भजनं वाजवायचा, फार वाईट नव्हे. बायका चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून गुणगुणायच्या.

सगळ्यांना गुण आला नाही. सित्रातल्या एका फिटरची बायको लक्ष्मी, विशी-बाविशीची, गुहागरकडची. ती आठ मंगळवार भिंतीकडे तोंड करून बसली. तिला पेटी नको होती, टाळ्या नको होत्या, डॉक्टरांची गोळीही लागू पडली नाही. तिला आई हवी होती. शेवटी नवऱ्याने तिला सातव्या महिन्यात गावी पाठवलं आणि त्यानंतर तिची काही खबर आली नाही. गुंडूने गावाकडच्या माणसांकडे दोनदा चौकशी केली, ती तशीच विरली. चारुलताने सिस्टरना विचारलं, "आपण हे करतो त्याचा उपयोग होतो का खरंच?"

सिस्टरनी पाय बादलीवर ठेवले. "मला ठाऊक नाही. तू उठलीस, एवढं खरं. पेटीने उठलीस, की व्हॅनने, की नुसते दिवस गेल्याने, ते मला सांगता येत नाही. वहीत मी सगळंच लिहिते. शिकलेलं कुणी वाचेल कधीतरी, त्याला कळेल." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "लक्ष्मीचंही लिहिलंय."

ब्याऐंशी साली गुंडू करार संपवून कणकवलीला गेला. जाताना पेटी मंडळाला देऊन गेला, दवाखान्यासाठी मंडळाने दुसरी जुनी दिली. चौऱ्याऐंशीत चारुलताला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला बर्फी वाटली नाही. तिसरा महिना लागला आणि एका सकाळी मीराची शाळेची वेणी घालता घालता तिचे हात थांबले. "ममा, बस इज कमिंग," मीरा म्हणाली, पण ते शब्द तिला खूप लांबून ऐकू आले. तेच वजन होतं, त्याच जागी. ते तिला ओळखता आलं.

ती थांबली नाही. मीरा बसमध्ये बसताच तिने सदानंदला ऑफिसात फोन केला, "परत आलंय. मी दवाखान्यात जातेय," आणि रस्त्यावर येऊन टॅक्सीला हात केला. अख्तरुन्निसा आता निवृत्तीला आल्या होत्या, काठी घेऊन चालायच्या. त्यांनी तिला दारातच पाहिलं.

"कितवा महिना?"

"तिसरा."

"मागच्या वेळी पाचव्यात आली होतीस." त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि नवी वही शोधायला खण उघडला. "बस. वेळ आहे आपल्याकडे."

ते दुखणं पाच महिने चाललं. गच्चीपर्यंत गेलं नाही, पण सोपंही नव्हतं. विवेक झाला तेव्हा ती त्याच्याकडे बघून काही वाटतंय का याची परीक्षा घेत बसली नाही. वाटेल तेव्हा वाटेल म्हणून त्याला छातीशी धरून झोपी गेली. दवाखान्यात ती आणखी दोन वर्षं मंगळवारी जात राहिली, सदानंदची कंपनी गुंडाळेपर्यंत. तिच्यासमोर बसून 'जाते जेवण' म्हणणाऱ्या बायकांना ती उत्तर देत नसे. शेजारची जागा झटकून साफ करत असे आणि पेटीचा भाता उघडत असे.